सशाचा ताप, खेकड्याचे रक्त : अंतर्विष ओळखण्याच्या पद्धतींचा इतिहास

सलाईन सुरू होऊन अर्धा-पाऊण तास झालेला असतो. अचानक रोग्याला हुडहुडी भरते, दात वाजू लागतात, अंगावर दोन ब्लँकेटे टाकली तरी थंडी जात नाही, आणि थोड्याच वेळात सणकून ताप चढतो. ‘सलाईनची रिअॅक्शन आली’ असे म्हणत परिचारिका नळी बंद करते. जुन्या पिढीतल्या अनेकांनी हा प्रसंग पाहिला किंवा ऐकला असेल. आज तो विरळा झाला आहे. तो विरळा कसा झाला, हे सांगताना एका सशाची, एका खेकड्याची आणि एका चाचणीची जागा दुसरीने घेताना झालेल्या वादांची हकिगत सांगावी लागते.

या तापातले कोडे असे की बाटलीतले पाणी निर्जंतुक असते. १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेत, दाबाखाली, सगळे जीवाणू मेलेले असतात. पण मेलेला जीवाणू नाहीसा होत नाही. ग्रॅम-ऋण गटातल्या जीवाणूंच्या बाह्य आवरणात मेद आणि शर्करा यांच्या जोडणीतून बनलेला एक पदार्थ असतो. त्यालाच अंतर्विष किंवा एंडोटॉक्सिन म्हणतात. जीवाणू फुटला की आवरणाचे तुकडे पाण्यात उरतात आणि वाफेच्या उष्णतेला ते दाद देत नाहीत. रिकामी काचेची बाटली २५० अंशांच्या कोरड्या भट्टीत अर्धा तास भाजली तर तिच्यावरचे अंतर्विष नष्ट होते, पण बाटलीतले औषध काही भाजता येत नाही. म्हणून ते आत शिरू न देणे आणि शिरले आहे का हे मोजणे, एवढेच हाती राहते. मोजायचे तरी किती? आजच्या नियमानुसार शिरेतून द्यायच्या औषधात साठ किलोच्या माणसाला तासाभरात साधारण तीस नॅनोग्रॅमपर्यंत अंतर्विष चालते. साखरेचा एक दाणा अर्ध्या मिलिग्रॅमचा धरला, तर हे प्रमाण त्याच्या सोळा हजाराव्या भागाएवढे भरते.

पाण्याचा दोष

ताप आणणाऱ्या द्रव्याची कल्पना एकोणिसाव्या शतकातली. व्हिएन्नाचे शल्यवैद्य थिओडोर बिलरोथ यांनी १८६० च्या दशकात सडलेल्या पदार्थांतील अशा द्रव्याला ‘पायरोजेन’ म्हणजे ज्वरजनक हे नाव दिले. पुढे रॉबर्ट कॉख यांचे सहकारी रिचर्ड फायफर बर्लिनमध्ये पटकीच्या जीवाणूवर काम करत होते. १८९२ साली त्यांना दिसले की उष्णतेने मारलेले जीवाणूही गिनिपिगला मारू शकतात. हे विष जीवाणू बाहेर सोडत नाही, ते त्याच्या देहातच असते, म्हणून ‘एंडो’, आतले. इटलीत युजेनिओ चेंतानी यांनीही त्याच सुमारास जीवाणूंमधून ताप आणणारे द्रव्य वेगळे काढले होते.

प्रयोगशाळेतली ही माहिती रुग्णालयापर्यंत पोचायला मात्र वेळ लागला. १९१० मध्ये उपदंशावर साल्व्हर्सान हे औषध आले. ते पाण्यात विरघळवून शिरेत टोचत आणि अनेक रोग्यांना कडकडून ताप येई. संशय औषधावर गेला. जर्मन डॉक्टर वेक्सेलमान यांनी १९११ मध्ये बोट पाण्याकडे वळवले आणि या तापाला चक्क ‘पाण्याचा दोष’ असे नाव दिले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये हॉर्ट आणि पेनफोल्ड यांनी सशांवर पद्धतशीर प्रयोग करून दाखवले की ऊर्ध्वपातित पाणी काही दिवस ठेवले की ते ताप आणू लागते, आणि त्यासाठी त्यातले जीवाणू जिवंत असावे लागत नाहीत. हे काम छापले गेले आणि बरीच वर्षे कोणी त्याकडे फारसे पाहिले नाही.

ते पुन्हा उभे केले फ्लॉरेन्स सीबर्ट यांनी. तिसऱ्या वर्षी झालेल्या पोलिओने त्यांचे पाय अधू झाले होते. येल विद्यापीठात पीएच.डी. करताना त्या सशांना प्रथिने टोचत होत्या. ताप कधी येई, कधी येत नसे. प्रथिन तेच, ससे तसेच, मग फरक कशाचा? नुसते पाणी टोचूनही ताप आला, तेव्हा त्यांनी पाणी तयार करणारे उपकरणच तपासले. पाणी उकळताना वाफेबरोबर सूक्ष्म तुषार उडत आणि पलीकडच्या भांड्यात जात. त्या तुषारांतून जीवाणूंचे अवशेष ‘शुद्ध’ पाण्यात पोचत होते. सीबर्ट यांनी वाटेत तुषार अडवणारा सापळा बसवला, गोळा झालेले पाणी लगेच निर्जंतुक केले, आणि ताप थांबला. १९२३ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. याच सीबर्ट यांनी पुढे क्षयाच्या चाचणीसाठी ट्यूबरक्युलिन शुद्ध केले. आजही आपल्याकडे हातावर मांटू टेस्ट करतात, तिच्यात टोचले जाते ते ‘पीपीडी’ ही त्यांचीच देणगी.

ससा नावाचा तापमापक

दुसऱ्या महायुद्धात सलाईन आणि रक्तद्रव प्रचंड प्रमाणात लागू लागले. आता ‘काळजी घेतली आहे’ एवढ्यावर भागणार नव्हते. प्रत्येक घाणा तपासण्याची ठराविक रीत हवी होती. सरकारी प्रयोगशाळा आणि औषध कंपन्या यांनी मिळून सशांवरील पद्धत पारखली, आणि १९४२ मध्ये अमेरिकेच्या औषधसंहितेच्या बाराव्या आवृत्तीत ती अधिकृत झाली.

रीत साधी होती. तीन निरोगी ससे घ्यायचे. त्यांना मान अडकेल अशा चौकटीत बसवून गुदद्वारातून तापमान घ्यायचे. औषध शरीराच्या तापमानाएवढे कोमट करून कानाच्या कडेच्या शिरेतून वजनाच्या प्रत्येक किलोला ठरलेल्या मात्रेत, जास्तीत जास्त दहा मिलिलिटर, टोचायचे. मग तीन तास ठराविक अंतराने तापमान नोंदायचे. अमेरिकी संहितेच्या पुढच्या नियमाप्रमाणे एकाही सशाचे तापमान अर्धा अंश वा अधिक चढले नाही तर माल पास. चढले तर आणखी पाच ससे घ्यायचे. मग आठांपैकी तिघांहून अधिक सशांना ताप येता कामा नये आणि सगळ्यांची मिळून वाढ ३.३ अंशांच्या पुढे जाता कामा नये.

या पद्धतीने किती रोग्यांची हुडहुडी वाचवली याचा हिशेब मांडणे अशक्य आहे. तिचे एक मोठे बळ होते : ताप कशाने येतो हे तिला ठाऊक असण्याची गरज नव्हती. ज्याने ताप येईल ते पकडले जाई. पण दोषही होते. ससा बिचकला तरी तापमान हलते. वेदनाशामक आणि झोपेची औषधे ताप दाबून टाकतात, कर्करोगाच्या औषधांनी ससाच आजारी पडतो. वारंवार टोचलेल्या सशाला अंतर्विषाची सवय होते. आणि सर्वांत मोठी अडचण ही की उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ असेच मिळते. किती, हे ससा सांगत नाही.

निळ्या रक्ताची गुठळी

पुढची पद्धत कोणी शोधायला निघाले नव्हते. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर वुड्स होल येथे सागरी जीवशास्त्राची प्रयोगशाळा आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे फ्रेडरिक बँग तिथे हॉर्सशू क्रॅब या प्राण्याचा अभ्यास करत. घोड्याच्या नालेच्या आकाराची पाठ असलेला हा नालखेकडा नावालाच खेकडा. तो विंचू-कोळ्यांच्या जवळचा. त्याच्या कुळाचे जीवाश्म सुमारे पंचेचाळीस कोटी वर्षे मागे जातात. त्याच्या रक्तात लोहाऐवजी तांबे असते, म्हणून ते हवेत निळे दिसते. बँग यांनी एका खेकड्याला समुद्रातले जीवाणू टोचले तर त्याचे रक्त शरीरातच गोठले आणि तो मेला. जीवाणू उकळून मारून टोचले तरीही तेच झाले. हे निरीक्षण त्यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केले.

१९६३ च्या उन्हाळ्यात जॅक लेव्हिन हे तरुण रक्तविकारतज्ज्ञ त्यांच्याकडे आले. १९६४ मध्ये दोघांनी दाखवले की रक्त गोठवतो तो जीवाणूंच्या देहातला अंतर्विषाचा अंश, आणि गोठण्याची सगळी सामग्री अमीबोसाइट या एकाच प्रकारच्या पेशींत साठवलेली असते. खेकड्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचे आहे : जीवाणूंनी भरलेल्या समुद्रात जखम झाली की तिथल्या तिथे गुठळी करून शत्रूला कोंडायचे. या पेशी धुऊन, शुद्ध पाण्यात फोडून मिळणाऱ्या अर्काला लिम्युलस लायसेट म्हणतात. परीक्षानळीत ०.१ मिलिलिटर अर्क आणि तेवढाच नमुना घालायचा, ३७ अंशांवर एक तास ठेवायचा, आणि नळी हलकेच उलटी करायची. घट्ट गोळा तळाला चिकटून राहिला तर अंतर्विष आहे. ओघळला तर नाही.

पहिली तुलना

ही गंमत रोग्याच्या कामाची आहे हे ओळखले जेम्स कूपर यांनी. ते जॉन्स हॉपकिन्समध्ये किरणोत्सारी औषधे तयार करत. टेक्नेशियमसारख्या मूलद्रव्याची किरणोत्सारिता सहा तासांत निम्मी होते. तीन तास सशाच्या तापाची वाट पाहायची म्हणजे औषधाचा मोठा भाग वाया. कूपर, लेव्हिन आणि हेन्री वॅग्नर यांनी तेच नमुने सशाला टोचले आणि नळीतही तपासले. १९७१ मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा : दोन्ही पद्धती जुळतात, खेकड्याचा अर्क सशाहून कितीतरी संवेदनशील आहे, आणि नमुना टप्प्याटप्प्याने पातळ करत गेल्यास प्रमाणही सांगता येते.

इथे तुलनेचा मूळ पेच उभा राहतो. नव्या पद्धतीने ‘आहे’ म्हटले आणि सशाने ‘नाही’, तर खरे कोण? ससा हाच मापदंड मानला तर प्रत्येक मतभेदात नवी पद्धत खोटी ठरणार. हा पेच सुटला तो प्रत्यक्ष रोग्यांमुळे. मेंदूभोवतीच्या द्रवाचे वहन पाहण्यासाठी पाठीच्या कण्यातून किरणोत्सारी औषध देत. काही रोग्यांना त्यानंतर ताप, डोकेदुखी, मान आखडणे असा मेंदुज्वरासारखा त्रास होई, पण द्रवात एकही जीवाणू सापडत नसे. औषध सशांच्या चाचणीत पास झालेले होते. कूपर आणि हार्बर्ट यांनी १९७५ मध्ये दाखवले की दोषी घाण्यांत लिम्युलस चाचणी जोरदार होकार देते. शिरेतून दिलेल्या अंतर्विषापेक्षा कण्यातून दिलेले निदान हजार पटींनी अधिक त्रास देते, आणि सशाच्या कानाच्या शिरेला ते कळणे शक्यच नव्हते. सशाचे उत्तर चुकीचे नव्हते. त्याला विचारलेला प्रश्न वेगळा होता.

यानंतर चक्रे वेगाने फिरली. १९७७ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने लिम्युलस अर्काला परवाना दिला. १९८० मध्ये ही चाचणी अमेरिकी औषधसंहितेत आली. १९८७ मध्ये सविस्तर मार्गदर्शक नियम निघाले. पुढे गढूळपणा मोजणारी आणि रंग मोजणारी यंत्रे आली आणि नळी उलटी करण्याऐवजी आलेख पाहून आकडा मिळू लागला.

आकडा कुठून आला?

प्रमाण मोजता येऊ लागले, पण किती प्रमाण धोक्याचे, हे खेकडा सांगणार नव्हता. त्यासाठी पुन्हा सशाकडे आणि माणसाकडेच जावे लागले. १९६९ मध्ये ग्रीसमन आणि हॉर्निक यांनी निरोगी माणसांना आणि सशांना शुद्ध अंतर्विष अत्यल्प मात्रेत देऊन पाहिले होते. वजनाच्या प्रमाणात दोघांनाही साधारण सारख्याच मात्रेला ताप चढू लागतो असे दिसले. वेगवेगळ्या जीवाणूंचे अंतर्विष कमीअधिक जहाल असते, म्हणून वजनाऐवजी परिणामावर आधारलेले ‘एंडोटॉक्सिन युनिट’ हे माप ठरले; एक युनिट म्हणजे प्रमाणित ई. कोलाय अंतर्विषाचे सुमारे ०.१ नॅनोग्रॅम. मर्यादा ठरली शिरेतून तासाला दर किलोमागे ५ युनिट, कण्यातून ०.२ युनिट. इंजेक्शनच्या पाण्यात मिलिलिटरला ०.२५ युनिट. म्हणजे ससा प्रयोगशाळेतून बाहेर पडला तरी त्याचा ताप आकड्याच्या रूपाने आतच राहिला.

असा आकडा विसरभोळेपणाने वापरला तर काय होते, हे १९९८ मध्ये अमेरिकेत दिसले. जेंटामायसिन हे प्रतिजैविक शिरेतून दिल्यावर रोग्यांना हुडहुडी भरून ताप येऊ लागला. त्यात आढळलेले अंतर्विष संहितेच्या मर्यादेच्या आत बसत होते. मर्यादा होती औषधाच्या दर मिलिग्रॅममागे १.७१ युनिट, आणि ती ठरली तेव्हा दिवसाची मात्रा तीन हप्त्यांत विभागून देत. मधल्या काळात डॉक्टर सगळी मात्रा दिवसातून एकदाच देऊ लागले होते. औषध तेच, चाचणी तीच, उत्तरही बरोबर. बदलली होती ती रोग्याला एका वेळी मिळणारी मात्रा. उलट बाजूही आहे. डांग्या खोकल्याचा जीवाणू ग्रॅम-ऋण गटातला असल्याने मृत जीवाणूंपासून केलेल्या त्रिगुणी लशीत अंतर्विष असतेच. बाळाला येणाऱ्या तापाचे ते एक कारण. तिथे सलाईनचा आकडा लावून चालत नाही.

खेकड्याला न दिसणारे

लिम्युलस चाचणीलाही दोष निघाले. बुरशी आणि सेल्युलोजमधील ग्लुकान शर्करेनेही हा अर्क गोठतो. १९८० च्या दशकाच्या आरंभी जपानी संशोधकांनी गोठण्याची ही दुसरी वाट उलगडली. म्हणजे गाळणीतून आलेला निरुपद्रवी अंश अंतर्विष म्हणून गणला जाऊ शकतो. दुसरीकडे, ग्रॅम-धन जीवाणूंतले ज्वरजनक अंश खेकड्याला मुळीच कळत नाहीत. सशाला ते कळत. आणि २०१३ पासून एक नवीच अडचण चर्चेत आली : जैविक औषधांत मिसळलेले पॉलिसॉर्बेट आणि सायट्रेट यांच्या संगतीत अंतर्विष हळूहळू चाचणीपासून लपते. मुद्दाम मिसळलेले अंतर्विषही काही दिवसांनी सापडेनासे होते. अशा काही नमुन्यांनी सशांत ताप आणला, काहींनी नाही. लपलेले विष रोग्यापासूनही लपते का, हा प्रश्न त्यामुळे गंभीर झाला.

यावर उत्तर म्हणून माणसाचेच रक्त साक्षीला आले. ताप येतो तो आपल्या पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिनसारखे संदेशद्रव्य सोडतात म्हणून. १९९५ च्या सुमारास जर्मनीतील कॉन्स्टान्स येथे थॉमस हार्टुंग आणि आल्ब्रेख्त वेंडेल यांनी औषध मानवी रक्तात मिसळून हे द्रव्य मोजण्याची चाचणी मांडली. ही मोनोसाइट चाचणी २०१० मध्ये युरोपीय औषधसंहितेत आली. ती सशाप्रमाणे सर्व प्रकारचे ज्वरजनक पकडते आणि उत्तर माणसाच्या पेशी देतात. मात्र ताजे रक्त वा जपलेल्या पेशी सांभाळण्याचा खटाटोप मोठा.

किंमत कोणाची?

लिम्युलस अर्कासाठी दरवर्षी अमेरिकेच्या किनाऱ्यावर दहा लाखांच्या आसपास नालखेकडे पकडतात. त्यांचे सुमारे तीस टक्के रक्त काढतात आणि पुन्हा समुद्रात सोडतात. त्यातले निदान पंधरा टक्के मरतात असा अंदाज धरतात. काही अभ्यासांत तो याच्या दुप्पट आहे. डेलावेअर उपसागरात या खेकड्यांची अंडी खाऊन रेड नॉट हा पक्षी आर्क्टिककडचा उरलेला प्रवास करतो. खेकडे घटले तशी त्याची उपासमार झाली. १९९० च्या दशकात मासेमारीतले आमिष म्हणून खेकड्यांची झालेली कत्तल हे त्यामागचे मोठे कारण होते, हेही सांगायला हवे.

भारतात नालखेकड्याच्या दोन जाती आहेत, त्या ओडिशा आणि पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावर. गोव्यात दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे अनिल चटर्जी यांनी ओडिशाच्या किनाऱ्यावर या प्राण्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. आपल्या सुंदरबनात आढळणारी खारफुटीतली जात सिंगापूरलाही आहे. तिथल्या डिंग जिआक लिंग आणि हो बाऊ या संशोधक दांपत्याने १९९० च्या दशकात तिच्या रक्तातील अंतर्विष ओळखणाऱ्या ‘फॅक्टर सी’ या प्रथिनाचे जनुक वेगळे केले आणि ते प्रथिन प्रयोगशाळेतल्या पेशींकडून बनवून घेतले. ते २००३ मध्ये बाजारात आले. खेकडा नको, ग्लुकानचा घोटाळाही नको.

आणि तरीही युरोपीय औषधसंहितेत त्याचा स्वतंत्र अध्याय लागू व्हायला २०२१ उजाडले, तर अमेरिकी संहितेत २०२५. अमेरिकेत हा अर्क जुन्याच अध्यायात घालण्याचा प्रस्ताव २०१९ मध्ये पुढे आला आणि २०२० मध्ये मागे घेतला गेला; पुरावा अजून पुरेसा नाही, असे सांगण्यात आले. लिम्युलस चाचणीला पहिल्या तुलनेपासून संहितेपर्यंत नऊ वर्षे लागली होती. इथे बाजारात आल्यापासून बावीस लागली.

कारणे सांगितली जातात ती खोटी नाहीत. आरंभी पेटंटमुळे पुरवठादार एकच होता. प्रत्येक जुन्या औषधासाठी नवी चाचणी सिद्ध करण्याचा खर्च मोठा होता. चूक झाली तर ताप रोग्याला येणार, म्हणून सावधगिरी रास्तच. पण दोन्ही बदल शेजारी ठेवले की एक फरक नजरेत भरतो. ससा चुकला तेव्हा माणसे आजारी पडली. म्हणून बदल तातडीचा झाला. खेकड्याच्या रक्तावरची चाचणी रोग्यांसाठी उत्तम चालली होती. तिची किंमत खेकडा आणि पक्षी मोजत होते, आणि त्यांच्या वतीने संहितेच्या समितीत बसणारे कोणी नव्हते. दोन पद्धतींची तुलना अचूकतेवर होते असे आपण मानतो. प्रत्यक्षात तुलनेची घाई किंवा दिरंगाई ठरते ती जुन्या पद्धतीचा भार कोणाच्या पाठीवर आहे यावर.

सशाची पाळी आता संपत आली आहे. भारतीय औषधसंहितेने २०१८ च्या आवृत्तीत सशाऐवजी परीक्षानळीतल्या चाचण्यांचा मार्ग धरला. युरोपीय संहितेतल्या मजकुरांत २०२५ च्या मध्यापासून सशांवरील चाचणीची अट उरलेली नाही. तिची जागा एका पद्धतीने घेतलेली नाही. अंतर्विषासाठी एक, इतर ज्वरजनकांसाठी दुसरी, आणि औषध कोणत्या वाटेने, किती मात्रेत जाणार आहे याचा विचार करून निवड करायची, असा आता नियम आहे.

बिलरोथपासून आजपर्यंत दीडशेहून अधिक वर्षे झाली. उपकरणे बदलली, पण निवाडा दरवेळी एकाच ठिकाणी झाला : साल्व्हर्सान घेणाऱ्या, कण्यात सुई टोचलेल्या, दिवसातून एकदा जेंटामायसिन मिळणाऱ्या रोग्याच्या खाटेपाशी. नळीतल्या उत्तराला अर्थ येतो तो तिथे. आज सलाईनची बाटली निमूटपणे थेंब थेंब रिती होते आणि खाटेवरचा माणूस शांत झोपलेला असतो, तेव्हा त्या शांततेत सशांच्या कैक पिढ्यांचा आणि कैक निळ्या रक्तांचा वाटा असतो. तो वाटा यापुढे किती कमी करता येईल, हे मात्र आता आपल्या हातात आहे.